कोल्हापूर ते कंठीरवा: कमी पैशात आशिया कप

कॉलेजच्या ज्युनिअर पोरी दरवर्षी विचारतात, "ताई, तुम्ही बेंगळुरूला कसं गेला होता? किती खर्च आला? घरच्यांनी सोडलं कसं?" दर वेळी थोडं थोडं सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवते. बेंगळुरूचं कंठीरवा इनडोअर स्टेडियम आपल्यापासून एका दिवसाच्या रस्त्यावर आहे. तिथं बास्केटबॉलची चांगली स्पर्धा लागली की जायला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आम्ही कॉलेजच्या टीममधल्या सहा जणी गेलो ते २०१९ च्या महिलांच्या फिबा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटना) आशिया कपला. २४ ते २९ सप्टेंबर, आठ देश. त्याआधीचा, म्हणजे २०१७ चा आशिया कपही बेंगळुरूलाच झाला होता. तेव्हा भारताच्या पोरींनी ब विभागाच्या फायनलमध्ये कझाकस्तानला ७५-७३ असं हरवून वरच्या विभागात जागा मिळवली होती. त्या वेळी आम्ही ज्युनिअर कॉलेजात, त्यामुळं जाण्याचा विषयच निघाला नाही. दोन वर्षांनी स्पर्धा परत तिथंच आली म्हटल्यावर या खेपेला सोडायची नाही असं ठरवलं.

पण ते साल कसलं होतं हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. ऑगस्टमध्ये महापूर येऊन गेला होता. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. आमच्यातल्या एकीचं घर आंबेवाडीत, अजून भिंती वाळल्या नव्हत्या. अशा वेळी घरी पैसे मागायचे तरी कुठल्या तोंडानं? म्हणून आकडा आधी ठरवला: माणशी दोन हजार, त्याच्यावर एक रुपया नाही. एवढ्यात बसलं तर जायचं. तिच्या वाटणीचे पैसे आम्ही पाच जणींनी घालायचे हेही त्याच वेळी ठरलं. तिनं ते नंतर हप्त्यानं परत केले. आम्ही नको म्हटलं, तरी केलेच.

गाडी मिळाली आमच्या टीममध्ये सेंटरच्या जागी खेळणाऱ्या पोरीच्या मामांची, जुनी डिझेल तवेरा. मामा म्हणाले, "डिझेल आन् टोल तेवढा तुमचा. गाडी आन् डायवर घरचाच हाय." मामीही आल्या, आणि तिथंच सगळ्या घरांचा होकार मिळाला. ज्युनिअर पोरींना पहिला सल्ला हाच: घरच्यांच्या ओळखीची एक मोठी बाई बरोबर घ्या, निम्मे प्रश्न विचारायच्या आधीच सुटतात. मामींच्या घरी घट बसतात आणि त्या वर्षी घटस्थापना बरोबर २९ तारखेला, फायनलच्या दिवशी. त्यांनी सासूबाईंना सांगितलं, "यंदा घट तुम्ही बसवा, पोरींना घेऊन जाते." हे त्यांचे उपकार आम्ही कुणी विसरणार नाही.

स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी भारत जपानकडून १०३-२७ असा हरला. स्कोअर मोबाईलवर बघितला आणि घरात सगळे गप्प झाले. पप्पा म्हणाले, "शंभर पॉइंट खाल्लेल्या टीमला बघायला सहाशे किलोमीटर कशाला जातायसा?"

मी म्हटलं, "शंभर घालणाऱ्या टीमला बघायला जातोय, पप्पा."

त्यांनी पाचशे रुपये जास्तीचे काढून दिले. ते मी मोडले नाहीत.

आता रस्ता. कोल्हापूर ते बेंगळुरू साधारण सव्वासहाशे किलोमीटर, सगळा राष्ट्रीय महामार्ग ४८: कागल, निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी, हावेरी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर. पहाटे चारला दसरा चौकातून निघा. रात्रीचा प्रवास करू नका. लॉज वाचतो असं वाटतं, पण ड्रायव्हर एकच असेल तर तो हिशेब जिवावर बेततो. शिवाय रात्रभर गाडीत अवघडून बसल्यावर दुसऱ्या दिवशी मॅच बघताना डोळे मिटतात, मग गेलाच कशाला? आम्ही जेवायला, चहाला थांबत थांबत संध्याकाळी शहराच्या तोंडाशी पोचलो.

कोगनोळीचा टोल आला की कर्नाटक लागलं समजा. दोन्हीकडचे डिझेलचे दर आदल्या दिवशी बघून ठेवा आणि जिथं स्वस्त तिथं टाकी भरा. आमची तवेरा लिटरला बारा किलोमीटरच्या आसपास द्यायची. जाऊन-येऊन शंभरावर लिटर लागलं, तेव्हाच्या भावानं सात हजार रुपये. टोलला दीड हजार. मामा-मामींना वगळून सहा जणींत हे वाटलं की माणशी चौदाशेच्या वर, म्हणजे खाणं आणि मेट्रोला जेमतेम सहाशे उरले. आज डिझेल नव्वदच्या आसपास आहे, टोलही वाढलाय, तेव्हा तुम्ही आमचा आकडा धरू नका, लिटर धरा आणि आजच्या भावानं गुणा. फास्टॅगमध्ये पैसे आधीच भरा, नाहीतर टोल जास्त बसतो.

धारवाड-हुबळी बायपास त्या वेळी दोन पदरीच होता आणि समोरून येणारे ट्रक बघून मामांनी सगळ्यांना गप्प बसवलं होतं. वाटेत कुठं ना कुठं कामं चालूच असतात, म्हणून नकाशा जेवढा वेळ दाखवतो त्याच्यावर दोन तास धरा.

पोरींसाठी एक गोष्ट उघडपणे लिहिते, कारण ती कुणी सांगत नाही. बाथरूमसाठी मोठे पेट्रोल पंप आणि मोठी हॉटेलंच बघा, आणि लागली नसली तरी दर दोन-अडीच तासांनी थांबा. पाणी कमी प्यायचं हा उपाय नव्हे. खेळाडूनं तर अजिबात करू नये. पॅडचं एक पाकीट गाडीत सगळ्यांच्या नावानं ठेवा.

खाण्याचं म्हणाल तर पहिला दिवस घरच्यावरच काढायचा. मामींनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि खर्डा बांधून घेतला होता. ज्वारीच्या भाकरी कडक करून घेतल्या तर दुसऱ्या दिवशीही चालतात. विकतचं एकच, दावणगेरेचा बेण्णे डोसा. त्यासाठी बायपास सोडून गावात शिरावं लागतं आणि पाऊण तास जातो. तो वेळ द्या. लोण्यात भाजलेला डोसा, बरोबर पांढरी चटणी आणि बटाट्याची भाजी. वाटणीचे पैसे कमी असले तरी एकेक खाऊन पोट भरतं.

बेंगळुरूत गाडी आत नेऊ नका. तुमकूर रोडनं शिरताना मेट्रोची हिरवी लाइन डोक्यावरच लागते. मामांची यशवंतपूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या भाड्यामुळं ओळख होती, तिथं गाडी लावली आणि यशवंतपूर स्टेशनातून थेट चिकपेटला उतरलो. ओळख नसेल तर टोकाकडच्या एखाद्या मेट्रो स्टेशनच्या पार्किंगची चौकशी करून तिथं लावा. शहरात गाडी फिरवण्यात जेवढं डिझेल आणि डोकं जातं, त्यात सहा जणींचा मेट्रोचा खर्च कितीदा तरी निघतो.

राहायची सोय मामींच्या माहेरची. मामी विट्याच्या. त्या भागातले गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे लोक, देशभर पसरलेत हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. मामींचे भाऊ नगरथपेटेत गलाईचं काम करतात. दुकानाच्या वर दोन खोल्या. पोरी एकीत, बाकी सगळे दुसरीत. त्या गल्लीत मराठी इतकी ऐकू येते की पहिल्या रात्री परगावी आल्यासारखं वाटलंच नाही. तुमच्या ओळखीत कुणी गलाईवाला असेल तर विचारायला लाजू नका, आपला माणूस म्हटल्यावर ही माणसं दार उघडतात. तशी ओळख नसली तर मॅजेस्टिक बसस्टँडजवळ गांधीनगरात साधे लॉज भरपूर आहेत. एका खोलीत तिघी धरा, मूळ ओळखपत्र जवळ ठेवा आणि दिवसाउजेडी पोचून खोली डोळ्यांनी बघून मगच पैसे द्या.

सकाळी दर्शिनीत, म्हणजे तिथल्या साध्या हॉटेलात, उभ्यानं इडली-वडा खायचा, दुपारी इंदिरा कँटीन. २०१७ पासून सुरू झालेल्या या सरकारी कँटीनमध्ये तेव्हा नाश्ता ५ रुपये आणि जेवण १० रुपये होतं. अन्न साधं पण गरम. जेवण संपायच्या आत रांगेत लागा.

नगरथपेटेतून कंठीरवाला आम्ही चालतच जायचो, हडसन सर्कलवरून. मेट्रोनं येणाऱ्यांनी जांभळ्या लाइनवर कब्बन पार्कला उतरावं, तिथून पंधरा-वीस मिनिटं चालायचं. लक्षात ठेवा, कंठीरवा नावाची दोन स्टेडियम शेजारी-शेजारी आहेत. उघडं आहे ते बेंगळुरू एफसीच्या फुटबॉलचं, कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल मॅचेस बघत वाढलेल्या आपल्या लोकांचे पाय आधी तिकडंच वळतात. बास्केटबॉल बंदिस्त स्टेडियममध्ये. प्रवेशाची पद्धत प्रत्येक स्पर्धेला वेगळी असते, ती निघण्याआधीच पक्की करा.

आत पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा आधी आवाज जाणवला. लाकडी कोर्टवर बॉल आपटल्याचा आणि बूट घासल्याचा. आम्ही सिमेंटवर खेळून गुडघे झिजवलेल्या पोरी. भारत-फिलिपिन्स सामना तिथंच बघितला. तो ९२-७८ असा हरलो आणि भारत पुन्हा ब विभागात गेला. वाईट वाटलं, खूप वाटलं, पण टीव्हीवर जे कळत नाही ते तिथं कळलं: आपल्या पोरी कमी पडल्या त्या जिद्दीत नव्हे. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या जर्सीत खेळते हे आम्ही पेपरात वाचलेलं. त्या पातळीवर टिकायला केवढं बळ लागतं ते त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. समोरची टीम चौथ्या क्वार्टरमध्येही त्याच वेगानं धावत होती. ही तयारी एका शिबिरात होत नाही, त्याला वर्षानुवर्षांचे सामने लागतात.

आणि मग जपान. मी स्वतः पाच फूट तीन इंच. गार्ड, म्हणजे बॉल घेऊन खेळ चालवणारी, म्हणून खेळते आणि कॉलेजात येईपर्यंत "उंची असती तर" हे वाक्य शंभर लोकांकडून ऐकलेलं. जपानची रुई माचिदा १६२ सेंटिमीटर, म्हणजे माझ्यापेक्षा जेमतेम बोटभर उंच. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली ती नाको मोतोहाशी, तीही साडेपाच फुटांच्या आतलीच. फायनलला समोर चीन, त्यांच्या पोरी जागोजागी डोकंभर वर. तरी जपान ७१-६८ नं जिंकला. २०१३ पासून त्यांचा हा सलग चौथा आशिया कप.

ते कसं घडतं, हे बघण्यासाठीच जायचं. आमच्या सरांनी निघताना एक काम दिलं होतं: प्रत्येकीनं आपल्या जागेवरची एक खेळाडू निवडायची आणि पूर्ण क्वार्टर फक्त तिलाच बघायचं, बॉल कुठंही असो. मोबाईल पिशवीत, हातात वही. बसायचं बास्केटच्या मागं, वरच्या रांगेत. तिथून पाचही जणींमधलं अंतर दिसतं. मधल्या चांगल्या जागांसाठी भांडू नका. मी माचिदाला बघितलं. पास दिल्यावर ती एकदाही उभी राहिली नाही. पास दिला की लगेच बचावाला कापत निघायची, दोन पावलांत दुसऱ्या बाजूला, आणि तिला अडवायला वळलेल्या खेळाडूची जागा रिकामी व्हायची. बचावात पाचही जणींचं तोंड सतत चालू. भाषा कळत नव्हती, पण कोण कुणाला काय सांगतंय ते कळत होतं. आमच्या कोर्टवर आम्ही मुक्यानं खेळायचो हे तिथं बसल्या बसल्या उमगलं.

वॉर्म-अप चुकवू नका, सामन्याच्या तासभर आधी आत जाऊन बसा. एकही पोरगी उगाच लांबून बॉल फेकत नव्हती. सामन्यात जिथून शॉट मारायचा तिथूनच, त्याच वेगानं, पाय आधी रोवून. वहीतली सगळ्यात जास्त पानं मी या वेळात भरली.

पुढं टोकियो ऑलिंपिकमध्ये याच जपाननं रौप्यपदक मिळवलं आणि फ्रान्सविरुद्धच्या सेमीफायनलला माचिदानं एका सामन्यात १८ असिस्ट, म्हणजे ज्यावर थेट बास्केट होतं असे पास, दिले. मी पप्पांना टीव्हीसमोर बसवून दाखवलं, "हीच ती."

फायनल संपल्यावर लगेच निघू नका. झोपा, पहाटे उठून निघा. परत येताना धारवाडला पेढे घ्यायचे असतील तर वाटणीचे पैसे त्यासाठी आधीच बाजूला ठेवा, कारण शेवटच्या दिवशी पाकिटात काही उरत नाही. आम्ही कोल्हापुरात शिरलो तेव्हा नवरात्राची गर्दी सुरू झाली होती. मामींना आधी घरी सोडलं, घटाला नमस्कार केला आणि मगच आपापल्या घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रॅक्टिसला सहाही जणी हजर होतो. सरांनी वह्या मागून घेतल्या आणि त्या महिन्यात फक्त दोनच गोष्टी करून घेतल्या, पास देऊन कापणं आणि बचावात बोलणं.

गाडीची सोय नसेल तर एसटी आणि कर्नाटकच्या बस आहेतच. पण महिलांची एसटीतली अर्ध्या तिकिटाची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच मिळते आणि कर्नाटकातला मोफत प्रवास तिथल्या रहिवासी महिलांनाच, हे धरून बजेट करा. सहा-सात जणी असाल तर गाडीच परवडते, चौघींच्या खाली असाल तर बस. आमच्या वह्यांची झेरॉक्स सरांच्या कपाटात आहे. निघायच्या आधी मागून घ्या, सरांना माझं नाव सांगा.