बाबांच्या इनबॉक्सची मांडणी बदलताना

इंदूरला लोकमान्यनगरात राहणाऱ्या माझ्या बाबांचं जीमेलशिवाय चालत नाही. पेन्शनचे कागद, वीजबिल, बँकेचं स्टेटमेंट, वाचनालयाची निमंत्रणं, नातीची पत्रं, सगळं तिथेच येतं. पण मोबाइलची घंटी वाजायची ती फक्त नातीच्या मेलला. “बाकीची कुठे जातात गं?” असं त्यांनी विचारलं आणि आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन बसलो.

जीमेलने २०१३ मध्ये टॅबवाला, म्हणजे कप्पे पाडलेला इनबॉक्स आणला. प्रायमरीत माणसांनी लिहिलेली पत्रं, प्रमोशन्समध्ये जाहिराती, सोशलमध्ये फेसबुकसारख्यांचे निरोप, अपडेट्समध्ये बिलं, पावत्या, स्टेटमेंटं आणि फोरम्समध्ये ग्रुपवरून येणारी पत्रं, अशी ही वाटणी. मोबाइलवर सूचना मिळते ती मुळात प्रायमरीची. म्हणजे बाबांचं वीजबिल अपडेट्समध्ये नीट पोहोचलेलं होतं, वाचनालयाचं निमंत्रण फोरम्समध्ये. हे डोळ्यांनी बघितल्यावर बाबांचा जीव भांड्यात पडला. मेल हरवत नाहीत, हे घरातल्या मोठ्यांना सर्वांत आधी दाखवावं असं मला मनापासून वाटतं. सेटिंग्जना हात त्यानंतर.

मग वर उजवीकडचं दातेरी चाक, तिथून ‘सी ऑल सेटिंग्ज’ आणि त्यातला ‘इनबॉक्स’ हा भाग. ‘इनबॉक्स टाइप’मध्ये डिफॉल्ट, म्हणजे मुळातल्या टॅबवाल्या मांडणीखेरीज बरेच पर्याय आहेत: महत्त्वाची आधी, न वाचलेली आधी, तारांकित आधी, शिवाय प्रायॉरिटी इनबॉक्स आणि मल्टिपल इनबॉक्सेस. प्रायॉरिटी इनबॉक्स तुम्ही कोणाला लिहिता, काय उघडता यावरून महत्त्व ठरवतो. दिवसाला ढीगभर मेल येणाऱ्याला तो उपयोगी पडेल. बाबा मात्र आलेलं प्रत्येक पत्र उघडून वाचणारे. त्यांच्यासाठी ‘अनरीड फर्स्ट’च योग्य, याबद्दल मला शंका नव्हती. न वाचलेलं वर, वाचलेलं खाली. पानाच्या तळाशी जाऊन ‘सेव्ह चेंजेस’ दाबायचं. ते राहिलं तर बदल होत नाही.

या मांडणीत टॅब उरत नाहीत, त्यामुळे जाहिरातीही वरच्या रांगेत येऊन बसतात. म्हणून दुकानांच्या मेलमधल्या ‘अनसबस्क्राइब’वर, म्हणजे पुढचे मेल बंद करण्याच्या लिंकवर, आम्ही एकेक करून टिचकी मारत गेलो. सगळ्यात जास्त वेळ याच कामाला लागला, पण ते केल्याशिवाय ‘अनरीड फर्स्ट’ घेण्यात अर्थ नाही. अनोळखी, संशयास्पद मेलमधल्या लिंकला मात्र हात लावला नाही; त्यांची रवानगी थेट स्पॅममध्ये.

बाबांना आणखी एक गोष्ट खटकत होती. एकाच विषयावरची उत्तरं एकाखाली एक गुंडाळून दिसत आणि नातीचं नवं पत्र जुन्यात दडून जाई. त्याचा इनबॉक्स टाइपशी संबंध नाही. ‘जनरल’मध्ये ‘कॉन्व्हर्सेशन व्ह्यू’ बंद केला की प्रत्येक मेल वेगळा दिसतो.

शेवटी मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये मेनू, सेटिंग्ज, बाबांचं खातं असं करत ‘इनबॉक्स टाइप’ आणि सूचना तपासल्या, आणि सूचना सगळ्या मेलसाठी चालू केल्या. ज्यांना टॅब ठेवूनच फक्त बिलांचीही घंटी हवी, त्यांना त्याच सेटिंग्जमधल्या ‘मॅनेज लेबल्स’मधून अपडेट्सपुरती सूचना चालू करता येते. नवी मांडणी नाही आवडली तर पुन्हा ‘डिफॉल्ट’ निवडायचं. मेल जसेच्या तसे राहतात.