अण्णा, शिराझ आणि साडेपस्तीस डॉलर

पुण्याच्या चुलतभावाचा मेसेज आला : "ताई, दिवाळीला येतेयस तर ती ग्रेंज का काय ती एक बाटली आण. पैसे देतो." देईलही, तसा तो पैशाला चोख आहे. पण पेनफोल्ड्स कंपनीच्या ग्रेंज या वाइनची नवी बाटली इथे ऑस्ट्रेलियात हजार डॉलरच्या आसपास जाते, हे त्याला माहीत नव्हतं. मी रुपयांत आकडा कळवला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग हात जोडल्याचं चित्र आलं.

"मग काय आणू?" याचं उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं वाढलं की इथेच टाकते आहे.

अॅडलेडला येऊन मला नऊ वर्षं झाली. पहिली तीन-चार वर्षं मी वाइन बाटलीच्या वजनावर घ्यायचे. खरंच सांगते. उचलून बघायची, जड लागली की चांगली. तळाच्या खळग्यात अंगठा पुरता गेला तर फारच चांगली. निफाड तालुक्यातल्या द्राक्ष बागाईतदाराची मी मुलगी. अण्णा घड तळहातावर घेऊन त्याचं वजन सांगतात, पाच-दहा ग्रॅमच्या फरकानं. आणि मी काच तोलत होते! पण घरी वाइनचा विषयच नव्हता. अण्णा माळकरी. द्राक्षाचं पुढे काय काय होतं ते आमच्या ओट्यावर कोणी बोलत नसे.

तर ऑफिसमधल्या एका साहेबांचा निवृत्तीचा कार्यक्रम होता आणि वर्गणीतून बाटली आणायचं काम माझ्याकडे आलं. घराजवळच्या बॉटलशॉपमध्ये गेले, ९५ डॉलरची एक भारदस्त बाटली उचलली आणि गल्ल्याकडे निघाले. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदारानं विचारलं, कोणासाठी? कधी उघडणार? जेवणात काय आहे? मी सांगितलं. त्यानं माझ्या हातातली बाटली काढून घेतली, जागेवर नेऊन ठेवली, आणि खालच्या फळीवरून दुसरी आणली. ३८ डॉलर. म्हणाला, दोन्ही बरोसाच्याच शिराझ (बरोसा हे अॅडलेडजवळचं द्राक्षांचं खोरं, शिराझ ही तिथली काळ्या द्राक्षाची जात), वेलीही साधारण एकाच वयाच्या, त्या बाटलीत काच जास्त आहे एवढंच.

गिऱ्हाईकाच्या हातातून ९५ काढून ३८ देणारा माणूस. मी घरी येऊन नवऱ्याला हे तीनदा सांगितलं. त्यानंतर आईला फोनवर, बाटलीच्या जागी 'परफ्यूम' घालून. आपल्याकडे असे दुकानदार नाहीत असं नाही हं. आमच्या पिंपळगावचा किराणावालाही "तो तांदूळ नको वहिनी, हा घ्या" म्हणतोच. 'हा' बहुतेक वेळा दोन रुपयांनी महाग असतो, ते सोडा. पण वाइनची गोष्टच वेगळी. आपल्याकडच्या वाइन शॉपमध्ये वाइन सोडून सगळं मिळतं. समोर जाळी, जाळीपलीकडे पोऱ्या, काळी पिशवी. तिथे उभं राहून "ही कोणत्या मातीतली?" असं विचारणाऱ्या बाईकडे रांग कशी बघेल, ते मला चांगलं माहीत आहे. आणि इथलेही फार पुढारलेले आहेत असं कोणी समजू नये. २०२२ मध्ये महाराष्ट्रात सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला तेव्हा केवढा गदारोळ उठला होता; आमच्या साउथ ऑस्ट्रेलियातही दूध-पावाच्या सुपरमार्केटात वाइन मिळत नाही. वेगळ्या दुकानातच जावं लागतं.

त्या दुकानदाराकडे मी नंतर जातच राहिले. दर शनिवारी नाही. महिन्यातून दोनदा. इथे प्रत्येक बाटलीच्या मागे त्यात किती 'स्टँडर्ड ड्रिंक' आहेत ते छापावं लागतं, एक म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल. मी ते वाचते, मोजून घेते. (हे आईसाठी लिहिलं, ती हे वाचणार नाही हे माहीत असूनही.)

त्याची पहिली शिकवण : पुढचं चित्र बघू नकोस, गाव बघ. लेबलवर 'साउथ ईस्टर्न ऑस्ट्रेलिया' लिहिलं असेल तर त्यात अख्खं न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, टास्मानिया आणि आणखी दोन राज्यांचे तुकडे येतात. म्हणजे 'दक्षिण भारतातला तांदूळ' म्हटल्यासारखं. पंधरा डॉलरला ते चालेल, चाळीसला नाही. गाव जितकं लहान तितकं बरं, कारण लेबलवर गावाचं नाव घातलं की निदान ८५ टक्के द्राक्षं तिथलीच असावी लागतात. 'रिझर्व्ह' या शब्दाला मात्र इथे कायद्यानं काहीच अर्थ नाही. कोणीही छापावा. मी किती वर्षं त्या एका शब्दाचे पाच-सात डॉलर जास्त मोजले, तो हिशेब नकोच.

दुसरं, सध्या ज्याची चलती नाही ते घे. आमच्याच राज्यातल्या कूनावाराची लाल माती म्हणजे जेमतेम पंधरा किलोमीटर लांब, दोनेक किलोमीटर रुंद पट्टा, खाली चुनखडी. तिथल्या कॅबर्ने द्राक्षाची वाइन एके काळी सगळ्यांना हवी असायची, आता मंडळी दुसरीकडे वळली. तिथल्या विन्स कंपनीचं 'ब्लॅक लेबल' १९५४ पासून निघतंय, पंधरा-वीस वर्षं ठेवली तरी टिकतं, आणि ऑफर लागली की बऱ्याचदा पस्तिशीच्या आत येतं. चुलतभावा, तुझी एक बाटली ही. झाकण फिरकीचं आहे म्हणून नाक मुरडू नकोस, इथे चांगल्या चांगल्या बाटल्यांना तेच असतं. बुचाचा कुबट वास वाइनला लागत नाही. मॅकलारेन व्हेल भागातल्या ग्रेनाश द्राक्षाची वाइनही अशीच. जुन्या वेलींची, पण शिराझचा तोरा नाही. अलीकडे तिचाही भाव चढायला लागलाय, तेव्हा फार बोलत नाही.

आणि ग्रेंजच हवी असेल तर तिची शेजारीण आहे, त्याच कंपनीची 'बिन ३८९' नावाची वाइन. आदल्या ग्रेंजच्या रिकाम्या पिंपांत ती मुरवतात, म्हणून तिला 'गरिबाची ग्रेंज' म्हणायचे. आता तीही शंभराच्या पुढे गेली. गरीब बदलले असावेत.

ग्रेंजची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. मॅक्स शुबर्ट नावाच्या माणसानं १९५१ मध्ये ती पहिल्यांदा केली. लोकांनी तोंडं वाकडी केली, आणि १९५७ मध्ये कंपनीनं सांगितलं, बंद करा. हा पठ्ठ्या पुढची तीन वर्षं ती चोरून करत राहिला, मॅगिलच्या तळघरात लपवून. १९६० मध्ये कंपनीचं मन पालटलं. मॅगिल आमच्या घरापासून गाडीनं वीस मिनिटांवर आहे. तेव्हा मी जे केलं त्याला इथे जुनी परंपरा आहे असं म्हणायला हरकत नाही.

मी काय केलं, तर गेल्या वर्षी अण्णा आले तेव्हा सगळ्या बाटल्या गॅरेजमध्ये गव्हाच्या पिठाच्या दहा किलोच्या पिशव्यांमागे लपवल्या.

अण्णा मार्चच्या शेवटी आले, आमचा माल संपल्यावर. खरड छाटणीच्या आत परत जायचं म्हणून तीनच आठवडे. विमानात भरायच्या कार्डावर प्रश्न असतो, गेल्या तीस दिवसांत शेतावर गेला होतात का? शेजारच्यानं सांगितलं होतं, 'नाही' लिहा, कटकट नको. अण्णांनी 'हो' वर खूण केली. तीस दिवस कसले, आदल्या दिवशी बागेत होते. विमानतळावर त्यांना बाजूला घेतलं, बूट मागितले आणि तिथल्या मुलीनं ब्रशनं तळवे घासून, धुऊन, पुसून परत दिले. अण्णा बाहेर आले ते बुटांकडे बघत. "परक्या पोरीला माझे बूट धुवायला लागले" हे वाक्य तीन आठवड्यांत मी दहा वेळा तरी ऐकलं. मला आधी राग आला होता, आपल्याच माणसांना अडवतात म्हणून. पण बाजूला उभा असलेला गोरा शेतकरीही मोजे घालून वाट बघत होता.

बूट का धुतात ते अण्णांना बरोसात कळलं. तानुंडाजवळ एका बागेच्या कडेला गाडी थांबवली. वेली म्हणजे काय, बुंधे! बाभळीसारखे, पिळलेले, आतून पोकळ झालेले काही. जवळच लँगमाइल वायनरीची १८४३ साली लावलेली बाग आहे, तिच्यातून आजही वाइन निघते. बरोसावाल्यांनी २००९ मध्ये वेलींच्या वयाची उतरंडच लावली : पस्तिशीपुढची 'जुनी', सत्तरीची, शंभरीची, आणि सव्वाशेच्या वरची 'पूर्वज'. आमच्याकडे बाग पंधरा-सोळा वर्षांत काढायला येते. अण्णा तारेपाशी गेले, हात पुढे केला, आणि तिथे पाटी : आत येऊ नका. फिलोक्सेरा नावाची मुळं खाणारी बारीक कीड बुटाच्या मातीतून येते. तिनं युरोपच्या बागा बसवल्या, १८७७ मध्ये व्हिक्टोरियात जिलाँगलाही पोचली. साउथ ऑस्ट्रेलियानं १८९९ मध्ये तिच्यासाठी वेगळा कायदा केला आणि आजवर ती इथे शिरू दिलेली नाही.

"खुंट कुठला?" अण्णांनी विचारलं.

"खुंट नाहीच अण्णा. स्वतःच्या मुळावर आहेत."

आमच्या बागेत डॉगरीज जातीच्या खुंटावर, म्हणजे दुसऱ्या दणकट वेलीच्या मुळावर, कलम केल्याशिवाय वेल तग धरत नाही, पाणी मचूळ, त्यात उन्हाळा. अण्णा बराच वेळ तारेबाहेरूनच बघत राहिले. मग म्हणाले, "डावणीसुद्धा दिसत नाही पानावर." डावणी म्हणजे ओलीनं पानावर येणारी बुरशी. यात कौतुक किती आणि हेवा किती, ते ज्यानं अवकाळी पावसात रात्री दोनला फवारणी केलीय त्यालाच कळेल. मला उगाच आपली बाजू घ्यावीशी वाटली. म्हटलं, यांना इथे पाऊस बहुतेक हिवाळ्यात पडतो, ऐन काढणीला कोरडं असतं, यांचं काय विशेष. अण्णा काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पोळ्यांसाठी पीठ आणायला तेच गॅरेजमध्ये गेले.

परत आले ते एका हातात पीठ, दुसऱ्यात ती ३८ डॉलरची शिराझ. माझे पाय गार. चाळीस वर्षांची बाई मी, दोन मुलांची आई. अण्णांनी बाटली टेबलावर ठेवली, चष्मा लावला आणि लेबल वाचायला लागले. त्यांना इंग्रजी अक्षरं लागतात, शब्द नाही. 'बरोसा' लागलं. "कालचीच का?"

"हो."

"उघड. पिणार नाही. वास घेतो."

दुकानदार या वाइनबद्दल बोलताना प्लम, ब्लॅकबेरी, लिकरिश असं काय काय सांगायचा. मी मान डोलवायचे. लहानपणी यातलं काहीच खाल्लेलं नाही, तर नाकाला काय कळणार? अण्णांनी ग्लास नाकाशी धरला, लांब केला, पुन्हा धरला. म्हणाले, "जांभूळ. आडवाटेला पडून पिचलेलं." मग थोड्या वेळानं : "आणि लाकडी खोकं. पूर्वी मुंबईला माल पाठवायचो ती." झालं. नऊ वर्षांत मला जे सापडलं नव्हतं ते दोन श्वासांत बाहेर आलं. आता दुसरा वास येतच नाही मला.

"केवढ्याला?"

सांगितलं. रुपयांत दोन हजारांच्या वर जातं तेही सांगितलं, मग घाईघाईनं, की ही ९५च्या तोडीची आहे, की नोव्हेंबर २०२० मध्ये चीननं इथल्या वाइनवर जकात लावली, पुढे ती काही बाटल्यांवर २१८ टक्क्यांवर गेली, मार्च २०२४ मध्ये उठली तोवर तांबड्या वाइनचा इथे नुसता पूर आला होता, म्हणून चांगला माल सवलतीत मिळतो, म्हणजे मी उधळपट्टी करत नाहीये...

"एका बाटलीला द्राक्ष किती लागतं?"

"किलो, सव्वा किलो."

"आणि शेतकऱ्याला?"

बरोसाच्या शिराझला टनाला दोन हजार डॉलरच्या घरात मिळतात. म्हणजे या बाटलीत द्राक्षाचे अडीच. वर मरी नदीकाठच्या रिव्हरलँडमध्ये मात्र वाइनच्या त्याच पुराच्या दिवसांत काहींना तांबड्या द्राक्षाला टनाला २०० डॉलरही आले नाहीत, किलोला दहा-अकरा रुपये. अण्णांचं तोंड आंबलं. "औषधाचे पैसेसुद्धा निघायचे नाहीत." चीनच्या जकातीचं मघाशी मी इतक्या उत्साहानं सांगितलं होतं, ते आता आठवून कानकोंडं झालं.

अण्णा बोटांवर हिशेब करत होते. "अडतीसातून अडीच गेले. बाकीचे साडेपस्तीस कुठं जातात?"

मी सांगायला लागले. घाऊक किमतीवर २९ टक्के वाइनचा कर, वर दहा टक्के जीएसटी, फ्रेंच ओकची पिंपं, दोन वर्षं तळघरात पडून राहणं, काच, दुकानदाराचं कमिशन. आणि नाव.

"नावाचे किती?"

"ते कोणी सांगत नाही अण्णा."

त्यांनी बाटलीला झाकण फिरवलं, घट्ट आहे का ते उलटी करून बघितलं आणि पिठाची पिशवी उघडायला घेतली.

तर चुलतभावा, दोन बाटल्या आणते. माणशी दोन लिटरची सूट आहे, त्यात बसतात. २९ डिसेंबर २०२२ ला भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार लागू झाला तेव्हा १५ अमेरिकन डॉलरच्या वरच्या बाटलीवरची आयात जकात दीडशे टक्क्यांवरून पंचाहत्तरवर आली आणि तिथून दहा वर्षांत उतरत पंचवीसवर येणार आहे, तेव्हा पुढच्या वेळी पुण्यातच शोध. एक कूनावाराची, एक ती जांभळाची. पैसे नकोत. निफाडला जाशील तेव्हा अण्णांच्या बागेत एक चक्कर टाक, आणि जाताना बूट धुऊन जा. ते हल्ली येणाऱ्या-जाणाऱ्याला बांधावर थांबवून तळवे बघतात म्हणे.