दहा मिनिटांची कोथिंबीर

कोथिंबीर आणायला बायको खाली उतरली की मी गॅस बारीक करत नाही, बंदच करतो. ठाण्याच्या नौपाड्यात, घंटाळीजवळच्या आमच्या घरापासून गावदेवी मार्केट चालत दहा मिनिटांवर. जाऊन-येऊन वीस, घासाघीस धरून पंचवीस. हिला सव्वा तास लागतो. कोथिंबीर विसरून आली असं मात्र कधी होत नाही. जुडी पिशवीत असते, फक्त तिनं मान टाकलेली असते.

रस्त्यात ओळखीचं कुणी ना कुणी भेटतं हो तिला, असं मी पूर्वी शेजाऱ्यांना सांगायचो. ते खरंही होतं. ओळखीचं कुणी म्हणजे कोण, एवढंच मी सांगत नसे.

लग्नाच्या वेळी माझी एकच अट होती, घरात कुत्रं नको. तिनं ती लगेच मान्य केली आणि एकतीस वर्षं निष्ठेनं पाळली. 'घरात' हा शब्द त्या वाक्यात घालायला नको होता हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. घरात एक कुत्रं असतं तर त्याचं जेवण, त्याची लस, त्याचं फिरणं एवढ्यावर भागलं असतं. आता घंटाळीपासून तलावपाळीपर्यंत जेवढी म्हणून बिनपट्ट्याची जनता आहे, ती सगळी आमच्या सासुरवाडची.

अटीला कारण होतं. मी सहा वर्षांचा असताना आजोळी एक काळं कुत्रं मला चावलं. मामीनं जखमेत तिखट भरलं, शेजारच्या काकूंनी वरून चुना लावला, आणि मग तालुक्याच्या दवाखान्यात बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं झाली. चौदा दिवस रोज एक. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनवत असत. आपल्या देशात ती 2004 च्या अखेरीस बंद झाली. आता दंडावर चार-पाच इंजेक्शनांत काम होतं. मेंढीच्या मेंदूची ही माहिती मी लग्नानंतर मोठ्या करुण सुरात बायकोला सांगितली. ती म्हणाली, "तरीच तुम्ही असे मुकाट मागे मागे येता."

तिच्यामागून चालताना मला ठाण्याचा एक वेगळाच नकाशा कळला. राम मारुती रोड मला साड्या आणि चपलांसाठी ठाऊक होता. तिच्या नकाशात तिथे एका साडीच्या दुकानाच्या पायरीवर 'शेठाणी' असते. अंगानं भरलेली, बदामी रंगाची, गिऱ्हाईक आलं तरी हलत नाही. बायका तिला ओलांडून आत जातात आणि बाहेर येताना पिशव्या वर धरतात. पुढच्या वळणावर एटीएमच्या दाराशी 'मॅनेजर' झोपतो. दाराच्या फटीतून एसीची गार हवा येते, तिथे बरोब्बर पोट लावून. मे महिन्यात त्या फटीवर दुसऱ्या कुणी दावा केला तर तो बसल्या जागेवरून फक्त वरचा ओठ उचलतो. आमच्या बँकेच्या शाखेतले साहेबही असंच करायचे, त्यामुळे नाव मीच सुचवलं.

आणि बंड्या. एक कान उभा, एक दुमडलेला, शेपटीचं टोक पांढरं. दूधवाले भय्या त्याला राजा म्हणतात, क्लासला येणाऱ्या मुली ब्रूनो म्हणतात, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला नुसताच 'ए' म्हणतो. तो चारही नावांना ओ देतो आणि चारही ठिकाणी जेवतो. आधार कार्ड नसण्याचे असे काही फायदे आहेत.

हिला नुसती कुत्री भेटत नाहीत, कुत्र्यांमुळे माणसंही भेटतात. त्यांची नावं तिला ठाऊक नसतात. "कोकोच्या बाबांचं बायपास झालं", "शेरूच्या आईची बदली झाली नागपूरला", असं ती घरी येऊन सांगते. मी एकदा बरीच हळहळ व्यक्त केल्यावर कळलं, की कोकोचे बाबा म्हणजे पलीकडच्या इमारतीतले ते निवृत्त इंजिनियर. आम्ही दोघं वीस वर्षं एकाच न्हाव्याकडे शेजारी बसतो आणि आजवर हवापाण्यापलीकडे बोललेलो नाही. त्यांना हृदय आहे हे मला हिच्याकडून कळलं.

रविवारी पहाटे आम्ही उपवनला जातो. तळ्याभोवती पट्ट्याची जनता असते, लॅब्रॅडॉर, बीगल, आणि हल्ली हस्की. सगळ्या मराठी घरांतली कुत्री इंग्रजी माध्यमातली, हे मला तिथे प्रथम जाणवलं. बायकोशी मराठीत भांडणारा माणूस कुत्र्याकडे वळला की "नो, टायगर, सिट" म्हणतो. आमची ही सरळ कोकणातलं मराठी बोलते, "बस गो बाय खाली, किती ती घाई", आणि ती परकी कुत्री बसतातही. हस्की दिसला की मात्र तिचा चेहरा पडतो. बर्फासाठी दुहेरी केसांचा कोट घेऊन जन्मलेला जीव, आणि ठाण्याची दमट हवा. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांना, बाकी सगळी उष्णता जिभेवाटे बाहेर टाकायची. मालकाला उपदेश करायचा नाही हे तिनं अनुभवानं शिकून घेतलंय. ती फक्त गोड आवाजात विचारते, "एसी किती वाजता सुरू करता याला?" मालक चपापतो. उपवनच्या भटक्यांशी मात्र ती जपून असते. येऊरचं जंगल मागेच आहे, आणि तिथल्या बिबट्यांच्या जेवणात कुत्रं असतंच. "आज तो तपकिरी दिसत नाही," एवढंच म्हणते आणि पुढे चालू लागते.

आता खिम्याचं सांगायला हवं.

आमच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा शिजत नाही. आईच्या वेळी तर सोवळ्याचं पातेलं वेगळं, त्याला कुणी हात लावायचा नाही. आई गेली, सोवळं गेलं, आणि तीनेक वर्षांनी घरात पुन्हा एक पातेलं वेगळं झालं. गॅलरीत वेगळी शेगडी, वेगळी पळी, वेगळी काथ्याची घासणी. रविवारी दुपारी त्यात चिकनचा खिमा, भात आणि लाल भोपळा शिजतो. मीठ नाही. कांदा-लसूण अजिबात नाही, कारण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट हेही वर्ज्य. एकंदरीत चातुर्मासातही चालेल असं ते चिकन असतं. बिस्किटं ती कधीच देत नाही. "साखर आणि मैदा घालून प्रेम कसलं करायचं," असं तिचं म्हणणं.

खिमा आणायचं काम माझ्याकडे आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा टोपी घातली होती, ऊन नसताना. दुकानदारानं विचारायच्या आत मी म्हणालो, "कुत्र्यांसाठी हवंय."

"हो काका," तो खिमा तोलत शांतपणे म्हणाला, "नौपाड्यातले सगळे असंच सांगतात."

त्यानंतर मी कुणालाच काही सांगायला जात नाही. काळी पिशवी घेऊन जिन्यात शेजारच्या देशमुखकाकू भेटल्या तरी मान वर करून 'काय म्हणताय' विचारतो. त्या पिशवीकडे बघतात. गॅलरीतून वास त्यांच्याकडेही जातो. आता त्यांच्या मनात आमच्याविषयी जे काही आहे ते कुत्र्यांच्या पुण्याईनं आहे, एवढंच.

सगळं असं गोडीगुलाबीचं नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि अकरा दिवसांनी त्यात बदल झाला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री जिथून उचलली तिथेच परत सोडा, पिसाळलेली आणि हल्लेखोर मात्र सोडू नका, खायला घालायचं ते ठरलेल्या जागी घाला. खटला दिल्लीचा, पण सभा आमच्या सोसायटीत झाली. सतरंजीवर दोन तट पडले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा नातू रात्री दुचाकीवरून येताना चार कुत्र्यांनी पाठलाग केल्यामुळे पडला होता, गुडघा फुटला होता. आजी बोलताना थरथरत होत्या. मी जन्मानं त्यांच्या पक्षाचा आणि लग्नानं दुसऱ्या. दोन्हीकडे मान हलवत बसलो. मला वाटत होतं, आता बायको उठून कायदा सांगणार. ती उठली आणि आजींच्या शेजारी जाऊन बसली. जेवण गेटपाशी द्यायचं नाही, मागच्या भिंतीलगत द्यायचं, रात्री नऊच्या आत, आणि नंतर जागा आपण धुवायची, हे तिनं स्वतःहून लिहून दिलं. मग तिथल्या तिथे सगळ्या बायकांची शिकवणीही घेतली. कुत्रं चावलं तर तिखट नको, चुना नको, हळद नको. साबण आणि वाहता नळ, घड्याळ लावून पंधरा मिनिटं, आणि तिथून थेट इस्पितळ. मामी आठवून मी पोटावरून हात फिरवला.

जागा धुवायची बादली कोण उचलतं हे विचारू नका.

माझी भीती मात्र गेलेली नाही. दत्तजयंतीला आम्ही देवळात गेलो होतो. रांग मोठी, मी बाकावर टेकलो, आणि कुठूनशी दोन-तीन कुत्री येऊन माझ्या पायाशी ऐसपैस आडवी झाली. मी दोन्ही पाय अलगद वर घेतले. समोर गाभाऱ्यात दत्ताच्या पायाशी चार कुत्री, म्हणजे चार वेद, असं लहानपणापासून ऐकत आलोय. बायकोनं आधी तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वेद आपणहून पायाशी आलेत," ती म्हणाली, "आणि तुम्ही मांडी घालून बसलात!" रांगेतले लोक हसले. मी पाय खाली सोडले नाहीत. वेदांनाही दात असतात.

गेल्या महिन्यात ती चार दिवस पुण्याला बहिणीकडे गेली. संध्याकाळी मी एकटा कोथिंबीर आणायला उतरलो. शेठाणीनं मला पाहून न पाहिल्यासारखं केलं. मॅनेजरनं एक डोळा उघडून मिटला. बंड्या मात्र धावत आला, माझ्या विजारीचा वास घेतला आणि माझ्या मागच्या रस्त्याकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, "पुण्याला गेल्यात." एका कुत्र्याला मी भर रस्त्यात बायकोचा ठावठिकाणा आदरार्थी बहुवचनात सांगत होतो. इस्त्रीवाल्यानं इस्त्री थांबवून ऐकलं.

बावीस मिनिटांत घरी आलो. कोथिंबीर टवटवीत होती. फोडणी दिली, जेवलो, भांडी घासली, तरी साडेआठच वाजले होते.

नऊला तिचा फोन. जेवलात का, हे तिसऱ्या प्रश्नात आलं. पहिला बंड्याच्या पायाचा होता. बोलता बोलता मी म्हणून गेलो, की डेअरीच्या फळीखाली एक नवीन दिसलं, पिवळसर, पायांची बोटं पांढरी.

"कान पाहिलात?"

"कान होते."

"अहो, टोक कापलंय का ते! ऑपरेशन झालेलं असेल तर एका कानाचं टोक कापलेलं असतं. नसेल तर मला उद्या गाडीला फोन करायला हवा. दोन महिन्यांत पिल्लं होतील."

"उद्या सकाळी बघतो."

"सकाळी ते तिथे असेल कशावरून?"

म्हणून रात्री सव्वानऊला मी पुन्हा खाली उतरलो. डेअरी बंद झाली होती. वॉचमन म्हणाला, ते रिक्षाखाली गेलंय. त्यानं बॅटरी धरली. मी रस्त्यावर आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा. दोन हिरवे डोळे चमकले. एका हातानं रिक्षाचं चाक धरलं, दुसऱ्या हातात फोन. पोटात बेंबीभोवती चौदा ठिकाणी बारीक कळ आली.

"दिसला का?" फोनमधून आवाज.

"दिसला. टोक शाबूत आहे."

"दोन्ही पाहिलेत?"

"एकच दिसतोय. डावा."

"त्याचा डावा की तुमचा डावा?"

वॉचमननं बॅटरी माझ्या तोंडावर धरली. मी उठलो, गुडघे झटकले आणि रिक्षाच्या पलीकडच्या बाजूला गेलो.