मिसळ आणि पाव

सशांची पिल्लं विकणारा माणूस नर किंवा मादी विकत नाही, 'जोडी' विकतो. पिंजऱ्यात हात घालून हाताला लागतील ती दोन पिल्लं काढतो, एकाला उताणं धरून पोटाखालची लव फुंकर मारून बाजूला सारतो, डोळे बारीक करतो आणि सांगतो, "एक नर, एक मादी. गॅरंटी." पिल्लं असतात जेमतेम महिन्या-सव्वा महिन्याची. त्या वयात अशी गॅरंटी द्यायला अनुभवी पशुवैद्यही कचरतात. पण जोडी म्हटलं की गिऱ्हाइकाचा चेहरा खुलतो, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

पाचपाखाडीला माझ्या बहिणीकडे अशीच एक जोडी आली. भाचीनं त्याच संध्याकाळी बारसं उरकलं. तांबूस ठिपक्यांची ती मिसळ, पांढराशुभ्र तो पाव. ठाण्यात वाढणाऱ्या मुलीला दुसरं काय सुचणार! विकणाऱ्यानंही ठिपकेवालीच मादी म्हणून सांगितली होती, त्यामुळे नावं चपखल बसली.

मग सोसायटीतले तज्ज्ञ यायला लागले. शेजारच्या काकूंचं मत, डोकं रुंद तो नर. हे मोठ्या सशांच्या बाबतीत बऱ्यापैकी खरंही आहे, आणि वयात आलेल्या मादीच्या गळ्याखाली बऱ्याचदा कातडीची जाड वळी येते, हेही खरं. पण तळहातावर मावणाऱ्या पिल्लाचं डोकं रुंद की अरुंद, हे ठरवायला काकूंचीच नजर हवी. मुळ्याचा पाला बाजूला काढून ठेवणाऱ्या भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "जो दुसऱ्याच्या अंगावर चढतो ना, तो नर." मुळात रुबाब दाखवायला माद्याही चढतात. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी तर नुसतं आवाजावरून सांगितलं. ससा सहसा आवाजच करत नाही, पण आजोबांना कोण बोलणार?

यात गंमत अशी, की उत्तरं दोनच आहेत. डोळे मिटून सांगितलं तरी निम्म्या वेळा बरोबर येतं. जे बरोबर येतं ते वर्षानुवर्षं सांगितलं जातं आणि जे चुकतं ते त्या सशाबरोबर विस्मरणात जातं. अशा शास्त्रात पारंगत व्हायला फार दिवस लागत नाहीत.

शेवटी टोपली घेऊन आम्ही पशुवैद्य बाईंकडे निघालो. वाटेत एक सोनोग्राफी सेंटर लागतं, दारावर तो नेहमीचा बोर्ड: 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.' असा कायदा देशात सगळ्यात आधी महाराष्ट्रानं केला, १९८८ साली. देशाचा १९९४ मध्ये आला. आणि त्या बोर्डाखालून आम्ही "मुलगा की मुलगी?" अशी मोठमोठ्यानं चर्चा करत चाललो होतो. आमच्या घरात सगळ्यांना दोन्ही मुलीच हव्या होत्या, एवढाच काय तो फरक.

बाईंनी कान-बिन न धरता पिल्लू दोन्ही हातांनी उचललं, मागचा भाग नीट आधार देऊन मांडीवर उताणं घेतलं. पिल्लू निपचित झालं. "लाडात नाही आलेलं, घाबरलंय," त्या म्हणाल्या, "म्हणून पटकन उरकायचं." शेपटीजवळ दोन बोटांनी अलगद दाब दिला की आतला भाग किंचित बाहेर येतो. नराचं तोंड गोल, लहानशा नळीच्या टोकावर असल्यासारखं. मादीची उभी चीर, पानासारखी निमुळती. नरात ते गुदद्वारापासून जरा लांब असतं, मादीत अगदी लगत. ऐकायला सोपं आहे. अडचण एवढीच, की कोवळ्या वयात दोघांचंही थोडं थोडं बाहेर येतं आणि गोल काय नि लांबट काय, सगळं सारखंच दिसतं. "पाव बहुतेक मादी आहे. मिसळीचं आज नाही सांगता येत. तीन महिन्यांची होत आली की आणा."

बाहेर येताच बहीण म्हणाली, "फी घेतली, आणि सांगितलं काय? सांगता येत नाही!" मला तर वाटलं, इतक्या जणांत फी देण्यालायक उत्तर तेवढं एकच होतं.

घाई मात्र बहिणीची खरी होती. ससे चार महिन्यांच्या आसपास, लहान जातीचे त्याच्याही आधी, वयात येतात. मादीचं बीज मीलनानंतरच सुटतं, त्यामुळे 'सुरक्षित दिवस' वगैरे काही भानगड नाही. साधारण ३१ दिवसांत पिल्लं, आणि व्याल्याच्या दिवशीच ती पुन्हा गाभण राहू शकते. वन बीएचकेच्या ड्राय बाल्कनीत हा हिशेब मांडून बघा.

दुसऱ्या खेपेला मिसळीची दोन लांबट, बिनकेसांची वृषणं हाताला लागली. लागली आणि एसीच्या गारव्यात लगेच गायबही झाली. ससा ती पोटात ओढून घेऊ शकतो. बाईंनी शांतपणे वाट पाहिली, पुन्हा तपासलं आणि कार्डावर लिहिलं: 'मिसळ, नर.' पाव मादीच निघाली. म्हणजे विकणाऱ्याची गॅरंटी खरी ठरली, फक्त उलटी. काकूंनी "मी म्हटलंच होतं" म्हणून टाकलं. कुणाबद्दल म्हटलं होतं, ते आता कुणालाच आठवत नव्हतं. भाचीनं नावं बदलायला साफ नकार दिला.

जरा मोठा झाल्यावर मिसळीचं ऑपरेशन झालं. त्यानंतरही चार ते सहा आठवडे नर पिल्लं देऊ शकतो, तोवर दोघांना वेगळं ठेवा, असं बाईंनी बजावलं. बहिणीनं बाल्कनीत मधोमध जाळी ठोकून घेतली. सहा आठवडे होऊन गेले तरी ती जाळी काढू देत नव्हती.