फायबरच्या गाडीत एसी बसवताना

तीन वर्षे खपून स्वतः बांधलेल्या दोन आसनी गाडीत एसी बसवण्याचे मी जाहीर केले, तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला तो असा, की जी गाडी नोंदणीअभावी सार्वजनिक रस्त्यावर उतरतच नाही, तिला गारवा कशाला हवा? प्रश्न रास्त होता. ट्रेलरवर चढवून खासगी ट्रॅकवर न्यायची, आठ-दहा फेऱ्या मारायच्या आणि परत आणायची, एवढाच तिचा उपयोग आहे. मात्र टप बंद असलेल्या, पाठीशी इंजिन घेऊन धावणाऱ्या ठेंगण्या गाडीत एप्रिलच्या दुपारी काय होते, हे आत बसल्याखेरीज कळत नाही. पावसाळ्यात त्याहून निराळी अडचण असते. आतल्या दमट हवेने समोरची काच दोन मिनिटांत धुरकटते आणि एका हाताने फडके फिरवत वळण घ्यावे लागते. ही काच स्वच्छ ठेवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे हवेतले पाणी काढून घेणे, आणि ते काम एसीची कूलिंग कॉइल करते. घरी मी उन्हाळ्याचे कारण सांगितले. मनात पावसाळा होता.

सुट्या भागांच्या संचातून गाडी जोडण्याची हौस मुळात ब्रिटनमधली. लोटसची सेव्हन १९५७ साली आली, आणि तयार गाडीवरचा खरेदी कर टळत असल्यामुळे अनेकांनी ती सुट्या भागांतच घेतली. त्या परंपरेत वजन कमी ठेवणे हाच धर्म असल्याने एसीचा विचार कोणी फारसा करत नाही. माझ्या गाडीची नळ्यांची चौकट कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वेल्ड झाली, तिच्यावर फायबरची बॉडी चढली, आणि आसनांच्या मागे मारुती एस्टीमचे १२९८ सीसीचे इंजिन गिअरबॉक्ससह बसले. एस्टीममध्ये हे इंजिन पुढे असते. त्या गाडीत बोनेटखालच्या एवढ्याशा जागेत आटोपणारा एसीचा पसारा माझ्या गाडीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरणार होता, याची कल्पना मला सुरुवातीला आली नाही.

गॅस दाबणारा कॉम्प्रेसर जुन्या एस्टीमचाच मिळाला आणि इंजिनाच्या ब्लॉकवर त्याच्या ब्रॅकेटची भोकेही तयार होती. परंतु मूळ ब्रॅकेटवर बसवल्यास कॉम्प्रेसर चौकटीच्या आडव्या नळीला टेकत होता. नळी कापणे शक्य नव्हते, कारण मागच्या सस्पेन्शनचा भार तिच्यावरच होता. तेव्हा बारा मिलिमीटर जाडीच्या प्लेटमधून नवे ब्रॅकेट करून घेतले. उद्यमनगरातल्या ज्या मेस्त्रींकडे हे काम दिले, त्यांनी ते बसवल्यावर क्रँकच्या पुलीला पोलादी पट्टी लावली, पलीकडून बॅटरीचा उजेड मारला आणि कॉम्प्रेसरच्या पुलीपाशी पट्टीखालून दिसणाऱ्या उजेडाच्या रेघेकडे बोट दाखवून म्हणाले, "अर्धा सूत भाईर हाय. आत्ता न्हाई कळायचं, पट्टा आठ दिसात कातरंल, मग कळंल." अर्धा सूत म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. त्यांनी ब्रॅकेट उतरवले, मागची बाजू तेवढीच छिलली आणि पुन्हा बसवले. रेघ नाहीशी झाली. या सगळ्या उद्योगात पहिल्याच खेपेस बिनचूक झालेले काम हे एवढेच.

पुढची चूक सर्वस्वी माझी होती. कॉम्प्रेसर मागे असल्याने पाइपची लांबी वाचवावी म्हणून मी गॅसमधली उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सरही मागेच, उजव्या बाजूच्या हवेच्या झरोक्यामागे, स्वतंत्र पंखा लावून बसवला. कागदावर ही मांडणी सुटसुटीत दिसत होती. गॅस भरण्यासाठी गाडी ट्रेलरवर घालून शहरातल्या एका दुकानात नेली. तिथल्या कारागिराने व्हॅक्यूम पंप लावलाच नाही. थोडा गॅस सोडून आतली हवा बाहेर काढल्यासारखे केले, कॅन उलटा धरला, हाताला पाइप गार लागल्यावर "झालं" म्हणून पैसे घेतले. गाडी उभी असताना पाचव्या मिनिटाला गेजचा लाल, म्हणजे जास्त दाबाचा, काटा दर चौरस इंचाला ३८० पौंडांवर गेला, प्रेशर स्विचने कॉम्प्रेसरचा क्लच तोडला आणि आत गरम वारा येऊ लागला. सगळा दोष मी त्या दुकानावर ढकलला आणि भाड्याने पंप आणून स्वतःच्या शेडमध्ये काम नव्याने सुरू केले.

हवेचे आणि ओलाव्याचे इतके वावडे का, हे सांगणे आवश्यक आहे. एसीतला आर-१३४ए हा गॅस कंडेन्सरमध्ये द्रवरूप होतो. हवा मात्र तिथे द्रवरूप न होता नुसती जागा अडवते आणि दाब वाढवते. आत राहिलेला ओलावा, द्रवरूप गॅस कूलिंग कॉइलमध्ये सोडणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी गोठू शकतो आणि तेलाशी मिळून धातूही खातो. पंप लावून दाब पुरेसा उतरवला, की हे पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून वाफेच्या रूपाने निघून जाते. मी आधी नायट्रोजन भरून प्रत्येक सांधा साबणाच्या फेसाने तपासला, ओलावा शोषणारी ड्रायरची बाटली नवी घेतली आणि पंप चालू केला. निर्वात दाखवणारा काटा पाऱ्याच्या २८ इंचांवर जाऊन थांबला. मी वाचले होते की तो २९च्या पुढे जायला हवा, म्हणून अख्खा दिवस मी न सापडणारी गळती शोधत राहिलो. संध्याकाळी उशिरा डोक्यात प्रकाश पडला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथल्या हवेचाच दाब पाऱ्याच्या २८ इंचांच्या आसपास असतो, तेव्हा जी हवा मुळात नाही ती पंप कोठून उपसणार? पंप बंद करून काटा रात्रभर तसाच ठेवला आणि सकाळी तो जागचा हलला नव्हता.

तरीही एसी नीट चालला नाही. दाब आता सावकाश चढत होता, पण शेवटी तिथेच पोहोचत होता. दुकानाची चूक खरी असली तरी तिच्याआड माझी चूक दडलेली होती. गॅस द्रवरूप होण्यासाठी तो भोवतालच्या हवेपेक्षा बराच गरम असावा लागतो, आणि तो जितका गरम तितका त्याचा दाब अधिक: ६० अंशांना साधारण २३० पौंड, तर ८० अंशांना ३६५ पौंडांच्या घरात. इंजिनाच्या खोलीत तापमापक ठेवून पाहिले, तेव्हा उभ्या गाडीत कंडेन्सरच्या पंख्याला मिळणारी हवाच ६४ अंशांची निघाली. माझा पंखा इमानाने फिरत होता. फक्त इंजिनाची गरम हवाच तो कंडेन्सरवर मारत होता. एसीचे काम गारवा निर्माण करणे नसून आतली उष्णता बाहेर नेऊन टाकणे आहे, हे पुस्तकात अनेकदा वाचलेले वाक्य मला त्या दिवशी कळले.

कंडेन्सर पुढे, रेडिएटरच्या समोर नेला. म्हणजे मागच्या कॉम्प्रेसरपासून नाकापर्यंत चार मीटरचा गरम पाइप आला आणि डॅशबोर्डखालच्या कॉइलपासून मागे जाणारा गार पाइप निराळा. गरम पाइप मी मधल्या बोगद्यात रेडिएटरच्या पाण्याच्या नळ्यांसोबत ठेवला आणि बोगद्याला आतून चांदीच्या वर्खासारखा कागद लावलेला फोम चिकटवला. गार पाइप डाव्या दाराच्या उंबऱ्याखालून, रबरी फोमचे वेष्टन देऊन नेला. सरळ लांबीत ॲल्युमिनियमची नळी आणि इंजिन हलते तिथे रबरी होज, अशी विभागणी केली. होजची टोके क्रिम्प करून, म्हणजे दाबून घट्ट बसवून, देणारे दुकान शहरात सहज मिळाले.

गॅस किती भरायचा, हा प्रश्न तरीही उरला, कारण कारखान्याच्या गाडीत बोनेटखाली लिहिलेला आकडा इथे नव्हता. वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून ४०० ग्रॅमपासून सुरुवात केली आणि दर वेळी ४० ग्रॅम वाढवत कमी आणि जास्त दाबाचे दोन्ही काटे व झरोक्यातले तापमान वहीत लिहीत गेलो. ६०० ग्रॅमनंतर गारवा वाढेना, तेव्हा थोडी जादा शिल्लक ठेवून ६२० वर थांबलो. बाहेर ३४ अंश असताना आतल्या झरोक्यातून ९ अंशांची हवा आली. काटे ३२ आणि २१० पौंडांवर स्थिर राहिले.

विजेच्या भागाचा तपशील लांबवत नाही. पंखे, ब्लोअर आणि क्लच मिळून सुमारे २८ अँपिअर ओढतात, त्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्र रिले आणि फ्यूज दिला. कॉम्प्रेसर लागताच इंजिन गुदमरून बंद पडत होते; एसी चालू असल्याची सूचना इंजिनाच्या ईसीएमला, म्हणजे ते नियंत्रित करणाऱ्या संगणकाला, देणारी वायर मीच मोकळी सोडली होती. ती जोडल्यावर आयडल, म्हणजे उभ्या गाडीतले इंजिनाचे फिरणे, आपोआप सावरू लागले.

पाण्याने मात्र छळले. तिसऱ्या दिवशी माझ्या डाव्या बुटात गार पाणी साचले. कॉइलच्या पेटीतला ब्लोअर कॉइलमधून हवा ओढून घेणारा असल्याने पेटीत बाहेरच्यापेक्षा कमी दाब राहतो, निचऱ्याच्या नळीतून हवा वर खेचली जाते आणि पाणी खाली न जाता पेटीत तुंबते. नळीला मोरीच्या पाइपसारखा यू आकाराचा बाक दिला, त्यात थोडे पाणी कायम अडून राहू लागले आणि हवेची वाट बंद झाली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाची झड लागलेली असताना गाडी ट्रॅकवर नेली. सोबत मेस्त्री होते. टप लावून, काचा वर करून आम्ही दोघे बोलत बसलो आणि समोरची काच पांढरी होऊ दिली. मग एसी चालू केला. आधी झरोक्यांच्या तोंडाशी दोन काळे अर्धगोल उमटले, ते पसरत एकमेकांना भिडले आणि दीड मिनिटात ट्रॅकचे पहिले वळण स्पष्ट दिसू लागले. मेस्त्रींनी काचेवरून बोट फिरवून ते कोरडे असल्याची खात्री केली आणि विचारले, "आता पट्ट्याचा आवाज कुठनं येतोय?" पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरचे बेअरिंग होते, ते पुढच्या आठवड्यात बदलले.