आमची वाटचाल : दोन हमबकरमधून तिसरा आवाज

पुण्यात नारायण पेठेतील आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपची, म्हणजे तारांचे कंपन पकडून त्याचा विद्युत सिग्नल करणाऱ्या भागाची, दुरुस्ती आणि वाइंडिंग (तार गुंडाळणे) केले जाते. सुरुवातीला फ्रेट बदलणे, नेक सरळ करणे, जॅक आणि पॉट बदलणे अशी सर्वच कामे आम्ही घेत होतो. आज मात्र आमच्याकडे येणारे बहुतेक गिटारवादक एकाच कामासाठी येतात. दोन वेगवेगळ्या हमबकर पिकअपमधील एकेक कॉइल घेऊन त्यांचा तिसरा पिकअप करून घेणे, हे ते काम. हमबकर म्हणजे विजेची गुणगुण टाळण्यासाठी दोन कॉइल्स, म्हणजे बारीक तारेची दोन वेटोळी, असलेला पिकअप. या कामापर्यंत आम्ही कसे पोहोचलो आणि ते का करतो, हे आमच्या ग्राहकांना आणि नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांना सविस्तर कळावे, यासाठी हे लेखन आहे.

व्यवसाय सुरू करण्यापूर्वी मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंग विभागात नोकरीला होतो. तारेचा ताण, वेढ्यांची मोजणी, इनॅमलला जाणारे बारीक तडे ओळखणे हे सर्व तेथे हाताला लागले. संध्याकाळी फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तयारीत असलेल्या महाविद्यालयीन मुलांची वाद्ये दुरुस्त करून देत असे. त्या मुलांच्या गिटारमध्ये, आणि पुढे ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांच्या गिटारमध्येही, एक दोष वारंवार दिसे : हमबकरच्या दोन कॉइल्सपैकी एक बंद पडलेली असे. पिकअपची तार साधारण ०.०६३ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसाएवढी असते. घामाने आणि पावसाळ्यातील ओलाव्याने जोडाजवळ हिरवट गंज धरला, की ती सहज तुटते. २०११ साली नोकरी सोडून वर्कशॉप सुरू केले तेव्हा एक कॉइल चालू आणि एक बंद अशा पिकअपचा डबाच माझ्याकडे साठला होता.

बंद कॉइल पुन्हा गुंडाळणे हा सरळ मार्ग होता आणि तो आम्ही आजही वापरतो. पण गणेशोत्सवाच्या दिवसांत एका ऑर्केस्ट्रातील वादकाला त्याच संध्याकाळी गिटार हवी होती आणि वाइंडिंगला वेळ नव्हता. त्याच्या जास्त आउटपुटच्या ब्रिज पिकअपमधील (तारा गिटारच्या अंगावर ज्या ब्रिजवर टेकतात त्याच्याजवळच्या पिकअपमधील) चांगली कॉइल ठेवून तिच्या शेजारी डब्यातील जुन्या धाटणीच्या, कमी वेढ्यांच्या पिकअपची कॉइल बसवून दिली. तात्पुरती सोय म्हणून केलेले ते काम त्याने नंतर बदलू दिले नाही. ढोलकी आणि कीबोर्डच्या गर्दीत गिटारच्या जाड तारा पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू येतात, असे त्याचे म्हणणे होते. त्याला जे ऐकू आले त्याचे कारण शोधण्यात माझी पुढची बरीच वर्षे गेली आणि आमच्या व्यवसायाची दिशाही त्यातूनच ठरली.

हे कारण समजण्यासाठी हमबकरची मूळ रचना पाहावी लागते. एका कॉइलच्या पिकअपमध्ये तारेच्या कंपनाबरोबर आसपासच्या विजेच्या तारा, ट्रान्सफॉर्मर आणि दिव्यांचे डिमर यांचे चुंबकीय क्षेत्रही पकडले जाते. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने त्या कंपनसंख्येची आणि तिच्या पटींची गुणगुण अॅम्प्लिफायरमधून ऐकू येते. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ साली पेटंटसाठी अर्ज केलेल्या रचनेत दोन कॉइल्स शेजारी शेजारी आहेत. त्यांचे चुंबकीय ध्रुव परस्परविरुद्ध असतात आणि विद्युत जोडणीही परस्परविरुद्ध असते. बाहेरून येणारी गुणगुण चुंबकाच्या ध्रुवाकडे पाहत नाही, त्यामुळे ती दोन्ही कॉइल्समध्ये उलटसुलट होऊन नाहीशी होते. तारेचा सिग्नल मात्र दोनदा उलटल्यामुळे बेरजेत येतो. हे पेटंट १९५९ मध्ये मंजूर झाले. अर्ज प्रलंबित असतानाच्या काळातील पिकअपच्या तळाशी तशी सूचना देणारी चिकटपट्टी असे आणि त्या पिकअपना आजही संग्राहक मोठी किंमत देतात. त्या काळी वेढ्यांची मोजणी फारशी काटेकोर नसल्यामुळे एकाच पिकअपच्या दोन कॉइल्समध्ये वेढे पुष्कळदा कमीजास्त असत. त्या जुन्या पिकअपच्या मोकळ्या आवाजाचे एक कारण म्हणून जाणकार हीच असमानता दाखवतात.

गुणगुण घालवण्याची किंमत हमबकर दोन प्रकारे मोजतो. पहिला प्रकार इंडक्टन्सचा, म्हणजे प्रवाहातील बदलाला कॉइल करत असलेल्या विरोधाचा, आहे. तो हेन्री या एककात मोजतात. दोन कॉइल्स सिरीजमध्ये (एकीपुढे एक) जोडल्या, की इंडक्टन्स वाढतो. गिटारची केबल स्वतः एक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा घटक) असते आणि सहा मीटरच्या केबलमध्ये साधारण ६०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. या दोहोंमुळे पिकअपचा अनुनाद, म्हणजे सिग्नल सर्वांत जोरात येण्याची जागा, एका ठरावीक कंपनसंख्येवर येतो आणि तिच्या वरचा आवाज झपाट्याने उतरतो. जुन्या धाटणीच्या, सुमारे साडेचार हेन्री इंडक्टन्सच्या पिकअपमध्ये हा अनुनाद तीन हजार हर्ट्झच्या थोडा खाली येतो. आठ हेन्रीच्या जास्त आउटपुटच्या पिकअपमध्ये तो २,१०० च्या आसपास घसरतो. या दोन्हींमधील एकेक कॉइल एकत्र आणली, तर एकूण इंडक्टन्स सव्वासहा हेन्रीच्या जवळ राहतो आणि अनुनाद २,४०० च्या घरात येतो. कागदावर हा फरक लहान दिसतो. कानाला मात्र तो मोठा आहे, कारण शब्दांची आणि वाद्यांची स्पष्टता ज्या पट्ट्यात ठरते त्याच्या उंबरठ्यावर तो घडतो. एकत्रित पिकअपच्या आवाजातील बदलाचा मोठा वाटा याच गोष्टीचा असतो, असे माझे मत आहे.

दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे आणि मला तोच अधिक प्रिय आहे. दोन कॉइल्सच्या मध्यरेषांमध्ये साधारण १८ मिलिमीटर अंतर असते, म्हणजे गिटारची तार एकाच वेळी दोन ठिकाणी ऐकली जाते. ज्या स्वरांशाची (स्वरात मिसळलेल्या एखाद्या वरच्या कंपनाची) तरंगलांबी बरोबर ३६ मिलिमीटर असते, त्याचा चढ एका कॉइलवर आणि उतार दुसरीवर येतो व दोन्ही समान असल्यास तो पूर्ण पुसला जातो. गिब्सन धाटणीच्या ६२८ मिलिमीटर लांबीच्या गिटारवर सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला लावली, तर ही पुसट जागा सुमारे २,९०० हर्ट्झवर येते. बोट कोणत्याही फ्रेटवर असले, तरी त्या तारेसाठी ती तेथेच राहते, कारण तारेतील तरंगाचा वेग बदलत नाही. सर्वांत बारीक तारेवर हीच जागा साडेअकरा हजारांच्या आसपास जाते. गिटारचा स्पीकर तेथपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून तिकडे नुकसान जाणवत नाही. थोडक्यात, समान कॉइल्सचा हमबकर जाड तारांवर अधिक अन्याय करतो. त्या ऑर्केस्ट्रातील वादकाला जाड तारा स्वच्छ का वाटल्या, याचे एक उत्तर येथे आहे.

कॉइल्स असमान असल्या, की हा स्वरांश पूर्ण पुसला जात नाही. समजा, एका कॉइलला ५,००० आणि दुसरीला ७,००० वेढे आहेत. ढोबळमानाने २,००० वेढ्यांचा सिग्नल शिल्लक राहतो, म्हणजे एकूण १२,००० वेढ्यांचा सहावा भाग. पण गुणगुणही त्याच हिशोबाने शिल्लक राहते. जितका हरवलेला स्वर परत आणावा तितकी गुणगुण आत येते, आणि या दोहोंमध्ये प्रत्येक वादकाला कुठे थांबायचे आहे हे ठरवणे, हेच आमच्या कामाचे मर्म आहे. घरी बसून रेकॉर्डिंग करणाऱ्याला आम्ही वेढ्यांतील फरक कमी ठेवण्याचा सल्ला देतो. मोठ्या मंचावर सतत वाजवणाऱ्याला थोडी गुणगुण चालते, कारण गाण्याच्या आवाजात ती झाकली जाते. डिमर लावलेल्या नाट्यगृहांत मात्र वाजवणाऱ्याने सावध राहिलेले बरे, कारण डिमरने कापलेल्या विजेची खरखर वरच्या स्वरांपर्यंत चढते आणि ती झाकली जात नाही.

असमान कॉइल्सची कल्पना आमची नाही, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो. डिमार्झिओ कंपनीने दोन कॉइल्स वेगवेगळ्या अनुनादाला जुळवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले होते. सीमोर डंकन कंपनीने तर स्वतःच्या ‘५९’ आणि ‘कस्टम’ या दोन पिकअपची एकेक कॉइल एकत्र करून तो नियमित उत्पादन म्हणून विक्रीस आणला. आमचे काम वेगळे आहे ते इतकेच, की ग्राहकाकडे आधीपासून पडून असलेल्या पिकअपमधून आम्ही त्याच्या गिटारला, केबलला आणि अॅम्प्लिफायरला साजेसा संयोग शोधतो. आयात केलेला नवा पिकअप घेण्यापेक्षा हा खर्च पुष्कळ कमी येतो आणि विद्यार्थ्यांसाठी ही गोष्ट फार महत्त्वाची असते.

प्रत्यक्ष काम हाताला सोपे आणि डोळ्यांना कठीण आहे. आवरण असल्यास त्याचा सोल्डर काढायचा, हलक्या उष्णतेने मेण सैल करायचे, तळपट्टीखालचे बॉबिनचे (कॉइल ज्यावर गुंडाळलेली असते त्या रिळाचे) स्क्रू काढायचे आणि तार न ताणता कॉइल उचलायची. सर्वांत आधी पोलमधील, म्हणजे प्रत्येक तारेखालच्या धातूच्या खुंट्यांमधील, अंतर पाहावे लागते. काही पिकअपमध्ये पहिल्या ते सहाव्या पोलचे अंतर ४९ ते ५० मिलिमीटर असते, काहींत ५२ ते ५३, आणि या दोन मापांची बॉबिने एका तळपट्टीवर नीट जुळत नाहीत. दुसरी अडचण तारांच्या रंगांची आहे. डिमार्झिओमध्ये लाल तार सिग्नलची असते आणि काळी व पांढरी एकमेकींना जोडायची असतात. सीमोर डंकनमध्ये काळी सिग्नलची आणि लाल व पांढरी जोडायच्या. स्वस्त पिकअपमध्ये तर कोणताही रंग कशासाठीही वापरलेला आढळतो. म्हणून आम्ही रंगांवर विसंबत नाही. मॅग्नेट जागेवर ठेवून काट्याचा मीटर लावायचा आणि प्रत्येक कॉइलच्या पोलवर स्क्रूड्रायव्हर टेकवून काटा कोणत्या बाजूला हलतो ते पाहायचे. दोन्ही कॉइल्सला काटा एकाच बाजूला हलला, तर जोडणी बरोबर. एकच पट्टी-मॅग्नेट दोन्ही कॉइल्सना विरुद्ध ध्रुव देत असल्यामुळे तारेचा सिग्नल जुळला, की गुणगुण आपोआप विरुद्ध होते आणि या एका चाचणीत दोन्ही गोष्टी तपासल्या जातात. काटा उलट हलला, तर एका कॉइलच्या दोन तारांची अदलाबदल करायची.

यानंतर कोणती कॉइल ब्रिजच्या बाजूला ठेवायची, हा प्रश्न उरतो. जास्त वेढ्यांची कॉइल ब्रिजच्या बाजूला गेली, तर आवाजाला धार येते. ती नेकच्या बाजूला ठेवली, तर भरीवपणा वाढतो. ऑर्केस्ट्रात लावणीपासून जुन्या चित्रपटगीतांपर्यंत सर्व वाजवणाऱ्यांना मी सहसा दुसरी मांडणी सुचवतो. मॅग्नेटची निवडही याच टप्प्यावर होते. सिरॅमिक मॅग्नेट जोरकस आणि घट्ट आवाज देतो, तर अल्निको ५ (अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूचा मॅग्नेट) थोडा मोकळा. आमच्या अनुभवात असमान कॉइल्सना अल्निको अधिक मानवतो. याशिवाय स्विच लावून एकेक कॉइल स्वतंत्र वाजवता येते आणि दोन्ही वेगळ्या असल्यामुळे एका पिकअपमधून दोन निराळे सिंगल कॉइल आवाज मिळतात. हा लाभ ग्राहकांच्या आधी लक्षात येत नाही, मग मात्र तोच सर्वाधिक वापरला जातो.

मोजमापांबाबत आमचा आग्रह आहे. पुष्कळ वादक पिकअपची ताकद केवळ रोधावरून जोखतात, पण तार बारीक वापरली, की वेढे तितकेच असूनही रोध वाढतो. शिवाय तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी बदलतो. २० अंशांना आठ किलो-ओहम दाखवणारा पिकअप पुण्यातील मे महिन्याच्या दुपारी, ३८ अंशांना, साडेआठच्या वर दाखवतो. म्हणून प्रत्येक कामाच्या कार्डावर आम्ही रोधाबरोबर तापमान आणि एलसीआर मीटरवर (इंडक्टन्स मोजण्याच्या उपकरणावर) आलेला इंडक्टन्स लिहितो. त्याच कार्डावर कोणती कॉइल कोणत्या पिकअपमधली, ती कोणत्या बाजूला आहे आणि तारांचे रंग कसे जोडले, याची नोंद असते. उरलेल्या दोन कॉइल्स आणि काढलेले मॅग्नेट पिशवीत घालून ग्राहकाला परत दिले जातात, जेणेकरून त्याला हवे तेव्हा मूळ पिकअप पुन्हा जुळवून घेता यावेत.

२०२० च्या टाळेबंदीत वर्कशॉप बंद होते. त्या काळात घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांची संख्या वाढली आणि निर्बंध सैल होताच कुरियरने पिकअप येऊ लागले. आता कोल्हापूर, नाशिक, नागपूर आणि गोव्याहूनही काम येते. अशा ग्राहकांना आम्ही आधी त्यांच्या सध्याच्या आवाजाचे, कोणताही इफेक्ट न लावलेले रेकॉर्डिंग पाठवायला सांगतो. त्यात प्रत्येक तार स्वतंत्र वाजवलेली असावी, आणि शेवटी हात तारांवर न ठेवता दहा सेकंद शांतता असावी. त्या शांततेतली गुणगुण ऐकूनच वेढ्यांत किती फरक ठेवता येईल, हे आम्ही ठरवतो.

काही कामे आम्ही नाकारतो. साठ आणि सत्तरच्या दशकांतील मूळ पिकअप चालू स्थितीत असेल, तर तो आम्ही उघडत नाही, कारण त्याचे मूल्य त्याच्या अस्पर्शित असण्यात आहे. केवळ आउटपुट वाढवण्यासाठी दोन भारी कॉइल्स एकत्र करून मागणाऱ्यालाही आम्ही आधी पिकअपची उंची आणि केबल बदलून पाहायला सांगतो, आणि बऱ्याचदा तेवढ्यावर काम भागते.

सध्या आम्ही स्वतः गुंडाळलेल्या कॉइल्सवर भर देत आहोत. ग्राहकाच्या एका चांगल्या कॉइलला जोड म्हणून दुसरी कॉइल हव्या त्या वेढ्यांची, ४२ किंवा ४३ गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचे माप) तारेने गुंडाळून दिली जाते. त्यासाठी मोजणीयंत्र असलेले वाइंडिंग मशीन येथेच जुळवून घेतले आहे आणि तारेचा ताण अजूनही हातानेच सांभाळला जातो. ज्यांच्याकडे एकच हमबकर आहे आणि त्याची एक कॉइल बंद पडली आहे, अशांनी तो टाकून न देता आमच्याकडे आणावा. बंद कॉइल पूर्वीसारखी करायची, की तिच्या जागी कमी वेढ्यांची नवी बसवायची, हे दोन्ही आवाज ऐकवूनच ठरवले जाईल.