एका ढोलाचे तीन छाप

गणपतीआधी आमच्या ढोल-ताशा पथकाला ८० टी-शर्ट, ५० पिशव्या आणि २० स्टीलच्या बाटल्या छापून हव्या होत्या. चित्र एकच: पांढरा ढोल आणि खाली पथकाचं नाव. "एकच तर रंग आहे, मीच छापते," असं मी बैठकीत बोलून बसले. तेही जुलैत, ठाण्यात.

वागळे इस्टेटमध्ये बाबांच्या ओळखीच्या एका काकांचा स्क्रीन प्रिंटिंगचा गाळा आहे. त्यांनी आधी शाईला हातच लावू दिला नाही. "अगं, स्क्रीन नीट बनली तर छापायला शाळेतलं पोरही चालतं," म्हणाले.

स्क्रीन म्हणजे चौकटीवर ताणलेली पॉलिएस्टरची जाळी. तिच्यावर मंद पिवळ्या उजेडात इमल्शनचा पातळ थर द्यायचा, वाळला की चित्राची काळी फिल्म लावून प्रकाश दाखवायचा. प्रकाश लागेल तिथे थर कडक होतो. काळ्या चित्राआडचा मऊ राहतो आणि पाण्याने निघून जातो. त्या उघड्या जाळीतून शाई खाली उतरते. माझ्या पहिल्या स्क्रीनवरून मात्र ढोल, नाव, सगळंच वाहून गेलं. पावसाळी हवेत थर वाळलाच नव्हता, वरून फक्त कोरडा वाटत होता. दुसरी स्क्रीन रात्रभर पंख्यासमोर ठेवली.

कापडाला इंचाला ११० धाग्यांची जाळी घेतली. शाई भरपूर उतरायला हवी ना. तरी काळ्या शर्टावर पांढरी शाई एका हातात, म्हणजे एका थरात, राखाडीच दिसली. पहिला हात मारायचा, हीटरखाली जरा सुकवायचं, मग शर्ट न हलवता दुसरा हात. स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, तिरकी धरून एकाच दाबाने ओढणं जमायला दहा-बारा रद्दी कापडं गेली. शाई प्लास्टिसॉल होती. ती हवेवर वाळतच नाही. इडलीचं पीठ वाफेवर बसतं तशी ती साधारण १६० अंशांना बसते. त्यामुळे जेवायला गेलं तरी जाळी चोक होत नाही, याचं मला फार कौतुक वाटलं. स्क्रीन बनवण्यात दोन दिवस गेले होते, पण ७२ सुती शर्ट एका दुपारीत उरकले. या छपाईचा फायदा इथेच आहे: खर्च आणि खटपट सुरुवातीला, मग नग वाढतील तसा प्रत्येकाचा खर्च उतरतो. पाच शर्टांवर पाच वेगळे फोटो हवे असतील तर हिच्या वाटेला जाऊच नये.

उरलेले आठ ध्वजवाल्यांचे मरून ड्राय-फिट, म्हणजे पॉलिएस्टरचे. तेही त्याच शाईने छापून तापवले आणि सकाळी बघते तर ढोल गुलाबी! पॉलिएस्टरचा रंग उष्णतेने सुटून वरच्या पांढऱ्यात चढतो. असा रंग अडवणारी आणि कमी तापमानाला बसणारी शाई वेगळी मिळते, हे काकांनी नंतर सांगितलं. ते आठ शर्ट माझ्या खर्चाने पुन्हा आणले.

पिशव्या नॉन-वूवन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या. पहिली तापवली तर पापडासारखी आक्रसली. शाई बसायच्या सुमारास पिशवीच वितळायला लागते. तिथे हवेवर वाळणारी शाई लागली. ती जाळीतही वाळते, त्यामुळे हात थांबवायची सोय नाही.

बाटल्यांना मी सर्वांत घाबरले होते, पण त्याच सुरळीत गेल्या. जाळी बारीक, इंचाला ३०० धाग्यांच्या आसपास, आणि ढोलही लहान, म्हणून स्क्रीन नवीन. शाई दोन भागांची, हार्डनर मिसळून लावायची. बाटली आधी थिनरने पुसायची, नाहीतर बोटांच्या तेलावर शाई धरत नाही. इथे स्क्वीजी एका जागी राहते. स्क्रीन सरकते आणि तिच्याखाली बाटली रुळावर फिरते. दोन दिवसांनी नखाने खरवडून पाहिलं, निघाली नाही.

शेवटी स्क्रीन धुऊन काकांना परत दिल्या. शर्टांची स्क्रीन त्यांनी उजेडात धरली. माझ्या ढोलाची पुसट सावली राहिली होती आणि तिच्याही खाली, आणखी पुसट, "मुंजीनिमित्त सप्रेम भेट".